पेलेट तोलायला खिशातला मिलिग्रॅम काटा: कुठे चालतो, कुठे फसवतो

काटा एकच, नावं पंचवीस. तळहाताएवढं काळं किंवा चंदेरी खोकं, वर उघडणारं प्लास्टिकचं झाकण, आत रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी तबकडी, सोबत चिमटा, एक-दोन चकचकीत वजनं आणि एका बाजूला चोच असलेली चिमुकली वाटी. क्षमता २० किंवा ५० ग्रॅम, आणि आकडा दिसतो ०.००१ ग्रॅमपर्यंत. ऑनलाइन हजार-दीड हजारात घरी येतो. इंदुरात सराफ्याकडे दागिन्यांच्या दुकानांना काटे पुरवणाऱ्यांकडे मागितला तर बहुतेक जण आधी मोठा, काचेच्या पेटीचा काटा पुढे करतात. त्याबद्दल पुढे बोलू. हे परीक्षण दहा मीटर एअर रायफल मारणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना ४.५ मिमीच्या पाचशे पेलेटची, म्हणजे शिशाच्या छर्ऱ्यांची, डबी घरी बसून निवडायची आहे त्यांच्यासाठी.

आधी मत सांगून टाकतो. डबीतली बिघडलेली पेलेट वेगळी काढायला हा काटा पैसे वसूल करून देतो. चांगल्या पेलेटमधून "आणखी चांगली" शोधायला निघालात, तर तो तुम्हाला आकडे देईल, पण ते आकडे पेलेटचे असतील की खोलीतल्या पंख्याचे, हे कळणार नाही.

ती चोचीची वाटी कशाला, असा प्रश्न पडतो. हा काटा मुळात आपल्यासाठी बनलेलाच नाही. अमेरिकेत रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरण्याचा आणि शिशाच्या गोळ्या ओतण्याचा घरगुती छंद आहे. तिथे बंदुकीची दारू तोलून त्या चोचीतून काडतुसात सोडतात. म्हणून काट्याच्या एककांत ग्रॅम, औंस, कॅरटबरोबर ग्रेनही असतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. त्या मंडळींचे काटे साधारण ०.१ ग्रेनपर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत मोजतात आणि त्यांचं काम भागतं. आपल्याकडे तो छंदच नाही: शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. ४.५ मिमीची, २० जूलच्या आतली एअर रायफल मात्र शस्त्र परवान्याशिवाय ठेवता येते, आणि दहा मीटरची मॅच रायफल तर आठ जूलच्याही आतच राहते.

मग पेलेट तरी घरी ओतता येतील का? नाही, आणि इथे अडचण कायद्याची नसून धातूची आहे. पेलेट ओतून बनतच नाही. मऊ शिशाची तार कापून ती साच्यात थंडच दाबतात. ओतलेलं शिसं थिजताना आकसतं, आत बारीक पोकळी राहते, आणि पेलेटचा मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, साच्यात नीट भरत नाही. टायरला लावायची वजनं वितळवली तर मिळणारं शिसं अँटिमनीमुळे कडक असतं. ते नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, पेलेटसारखं बसत नाही. तेव्हा भट्टीचा विचार सोडा. हातांना काम हवंच असेल तर ते निवडण्यात आहे, आणि त्यात करण्यासारखं पुष्कळ आहे.

वजनातल्या फरकाने नेमकं किती बिघडतं, ते एकदा कागदावर मांडून बघा. मॅचची पेलेट ०.५३ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. दहा मीटरला पोचेपर्यंत ती साधारण १७ मिलिमीटर खाली येते. समजा एक पेलेट ५ मिलिग्रॅमने, म्हणजे जवळपास एक टक्क्याने जड आहे. रायफल तेवढीच ऊर्जा देते असं धरलं, तर वेग अर्ध्या टक्क्याने उतरतो आणि पेलेट आणखी ०.१७ मिमी खाली लागते. रायफलच्या लक्ष्यावर दशांश गुणाची प्रत्येक पायरी ०.२५ मिमीची असते. म्हणजे पाच मिलिग्रॅमचा फरक पुरता एक दशांशही खात नाही.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली रुद्रांक्ष पाटील, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि दिव्यांश पनवार यांनी सांघिक १८९३.७ करून विश्वविक्रम केला. १८० नेमांत भागलं तर नेमाला सरासरी १०.५२ पडतात. यातले तोमर आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातले. त्या पातळीवर ०.१७ मिमीचीही किंमत आहे. पण ज्याची सरासरी अजून ९.८ आहे, त्याचं नुकसान काट्यावर सापडणार नाही. ते गालाच्या टेकणीत आणि ट्रिगरवरच्या बोटात सापडेल. स्प्रिंगच्या बंदुकीत तर एका नेमापासून दुसऱ्या नेमापर्यंत वेगच सेकंदाला दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतो, तेव्हा तिथे तोलणं म्हणजे चाळणीत पाणी मोजणं.

२५ मीटरवर गोलाकार डोक्याची पेलेट मारणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे पेलेट सुमारे १२ सेंटिमीटर पडते आणि त्याच एक टक्का वजनाने मिलिमीटरभर फरक पडतो. त्यांनी काटा घ्यावा.

आता काट्याच्या खोडी. खोक्यात लोड सेल नावाची अॅल्युमिनियमची लहान पट्टी असते. वजनाने ती वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो. मिलिग्रॅमला होणारं वाकणं इतकं सूक्ष्म असतं की बाकी सगळं जग त्यात ढवळाढवळ करतं.

सर्वांत मोठा शत्रू वारा. पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद. एप्रिल-मे महिन्यात इंदुरात हे सांगणं सोपं आहे, करणं नाही, म्हणून काम पहाटे उरकावं. वरचं झाकण अर्धवट आडोसा देतं, पण पेलेट ठेवून झाकण लावायचं आणि मग आकडा वाचायचा, असं पाचशे वेळा कोणी करत नाही. त्यापेक्षा बुटाचं खोकं आडवं ठेवून, पुढची बाजू उघडी सोडून, काटा आत सरकवा. श्वासही काट्यावर पडू देऊ नका; आकडा २-३ मिलिग्रॅम हलायला तेवढं पुरतं.

दुसरी खोड तापण्याची. चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं शून्य सरकत राहतं. त्यात हा काटा बॅटरी वाचवायला एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, आणि पुन्हा चालू केला की सरकणंही पुन्हा नव्याने. खरेदी करताना स्वयंबंद थांबवायची सोय आहे का, एवढं एकच वैशिष्ट्य विचारा. बाकीची जाहिरातीतली यादी वाचली नाही तरी चालेल. बॅटरी उतरायला लागली की इशारा येण्याआधीच आकडे डळमळतात. रिचार्जच्या सेलपेक्षा साधे अल्कलाइन सेल घाला, त्यांचा दाब सुरुवातीला जास्त असतो.

तिसरी खोड लबाड आहे, कारण ती दिसतच नाही. शून्याच्या आसपास एक-दोन मिलिग्रॅमची हालचाल झाली तर काटा ती गिळून ०.००० च दाखवतो. त्यामुळे पेलेट उचलल्यावर शून्य आलं म्हणून आपण खूश, पण आत शून्य सरकलेलं असतं. उपाय सोपा: सोबत आलेलं १० किंवा २० ग्रॅमचं वजन तबकडीवर कायमचं ठेवा आणि टेअरचं, म्हणजे आकडा शून्यावर आणायचं, बटण दाबू नका. आकडा मग १०.००१ वगैरे दिसेल. पेलेट त्या वजनाच्या डोक्यावर किंवा शेजारी ठेवा, १०.५३१ दिसेल, फरक वाचा. आता सरकणं डोळ्यांसमोर राहतं. ५० ग्रॅमच्या काट्यावर हे निर्धास्त करा; २० ग्रॅमच्या काट्यावर १० चंच वजन ठेवा.

कॅलिब्रेशनबद्दल गैरसमज फार. आकडा जुळेना की माणूस पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करतो. ठरावीक बटण दाबून धरा, पडद्यावर मागितलेलं वजन, बहुधा काट्याच्या पूर्ण क्षमतेएवढं, चिमट्याने मधोमध ठेवा, "पास" आलं की झालं. पण याने सुधारतो तो पल्ला, म्हणजे ५० ग्रॅमला ५० दाखवणं. तिथे ०.१ टक्का चूक असली, तरी अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटला ती अर्धा मिलिग्रॅमच होते. आपली अडचण शून्य सरकण्याची, आणि कॅलिब्रेशनने ती जात नाही. खोकं एका जागेवरून दुसरीकडे नेलं, किंवा पडलं, तर मात्र करा. वजनाला बोट लावू नका. तेलकट ठसा वजनात भर घालतो, आणि चकचकीत मुलाम्यावर तो पुसल्यासारखा वाटला तरी राहतो.

एकक ग्रॅमच ठेवा. ग्रेनवर टाकलात की आतला मिलिग्रॅम ०.०१५४ ने गुणून येतो आणि आकडे विषम उड्या मारतात. डबीवर ८.१८ ग्रेन छापलंय म्हणून तोही आकडा पडद्यावर पाहायचा मोह होतो. तो आवरा. सराफ्यातली माणसं कॅरटवर टाकतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि तोच मोड चुकून राहिला तर ०.५३ ची पेलेट २.६५ दिसते. घाबरू नका, पेलेट तीच आहे.

कोरड्या हवेत प्लास्टिकच्या डबीतून काढलेली पेलेट प्लास्टिकच्या चिमट्याने ठेवली तर स्थिर विजेमुळे आकडा हळूहळू वाहतो. धातूचा, पण बोथट टोकांचा चिमटा घ्या. टोकदार चिमट्याने शिशाला खाच पडते, आणि ज्या पेलेटची परीक्षा करायला बसलात तीच बिघडते.

आता निवडीची रीत. तोलणं शेवटचं काम आहे, पहिलं नव्हे, आणि बहुतेक लोक इथेच वेळ घालवतात.

टेबलावर एक काच, तिचा एक काठ पुस्तकाने बोटभर उचललेला, बाजूने दिवा. पेलेट एकेक करून सोडा. डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास वेगळा असल्याने चांगली पेलेट सरळ न जाता एका गुळगुळीत कमानीत वळते. चेपलेल्या स्कर्टची पेलेट लंगडते, थांबते किंवा भलतीकडे जाते. फुकटची कसोटी आहे, आणि काट्याने जे दिसणार नाही ते ही दाखवते: चेपलेल्या पेलेटचं वजन तेवढंच असतं! लंगडी निघाली ती सरावाच्या डबीत टाका.

त्यानंतर डोक्याचा व्यास. ज्यांना वजनाची हौस आहे त्यांना एवढंच सांगणं की मॅच रायफलच्या नळीशी पेलेटचं जमतं की नाही, हे आधी डोक्याच्या मापाने ठरतं. ४.४९, ४.५० आणि ४.५१ ही डब्यांवर छापलेली नेहमीची मापं, पण छापील आकडा हा लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा, मधला आकडा समजा. एकाच डबीत शंभरांश मिलिमीटर वर-खाली निघणं नवल नाही. डोकं बारीक पडलं तर ते आट्या नीट धरत नाही, पेलेट नळीतच किंचित तिरकी होते. जास्त जाड असेल तर बसवताना जोर लागतो, स्कर्ट दबतो आणि वेग उतरतो. भरताना बोटाला लागणारा फरक हीच पहिली खूण.

माप घ्यायला डिजिटल व्हर्नियर वापरू नका. त्याची स्वतःची चूक ०.०२ मिमीची, आणि जबडे शिशाला दाबून हवं ते माप काढून देतात. भोकांची गेज पट्टी घ्या: पोलादी तुकड्यात शंभरांशाच्या फरकाने भोकं असतात. पेलेट डोकं खाली करून भोकावर नुसती सोडा. आत उतरली तर डोकं त्या भोकाहून बारीक, अडकली तर जाड. बोटाने दाबायचं नाही, कारण शिसं ऐकतं. सगळी भोकं प्रत्येक पेलेटला लावत बसू नका, ४.४९ आणि ४.५० दोनच घ्या. पहिल्यातून गेली ती एक वाटी, पहिल्यात अडकून दुसऱ्यातून गेली ती दुसरी, दोन्हीत अडकली ती तिसरी. भोकाच्या कडेवर शिशाचा काळा थर बसतो आणि शेवटच्या शंभर पेलेट उगाच जाड ठरतात, म्हणून दर पन्नास पेलेटनंतर भोक लाकडी काडीने पुसा.

उन्हाळ्यात शिसं फुगतं म्हणून माप चुकतं, असंही ऐकू येतं. हिशेब करून बघा: ४२ अंशाची गच्ची आणि २४ अंशाची एसीची खोली यांत १८ अंशांचा फरक. ४.५ मिमीचं शिसं तेवढ्याने ०.००२३ मिमी फुगतं, पोलादी भोकही थोडं फुगतं, उरतो ०.००१४. पट्टीची पायरी ०.०१ ची. उन्हाळ्याला दोष देऊ नका.

कोणतं माप आपल्या नळीला हवं, ते कागदच सांगतो. रायफल टेकूवर किंवा पकडीत घट्ट बांधून एकाच लॉटच्या प्रत्येक वाटीतून दहा-दहा नेम, तेही दोनदा. पाच नेमांचा गट बघून ठरवणारा हमखास फसतो. पाच नेम योगायोगानेही एका भोकातून जातात. एका वेळी एकच गोष्ट बदला. माप आणि लॉट दोन्ही बदललेत तर पुरावा गेला.

यातून जी वाटी निवडली, तीच फक्त तोला. एक पेलेट साक्षीदार म्हणून वेगळी काढा, तिला मार्करचा ठिपका द्या, तिचं वजन पाच वेळा घेऊन मधला आकडा लिहून ठेवा. दर वीस पेलेटनंतर साक्षीदार पुन्हा ठेवा. आकडा दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त हलला असेल तर मागच्या वीस पेलेट पुन्हा तोलायच्या. कंटाळवाणं आहे, पण हेच न केल्याने पहिल्या शंभर "जड" आणि शेवटच्या शंभर "हलक्या" निघतात, आणि माणूस कंपनीला शिव्या देतो.

वाट्या ४ मिलिग्रॅमच्या रुंदीच्या करा: ०.५२६ ते ०.५२९, ०.५३० ते ०.५३३, ०.५३४ ते ०.५३७. एकेका मिलिग्रॅमची वाटी केलीत तर काट्याची चूक वाटीपेक्षा मोठी ठरते आणि तीच पेलेट उद्या दुसऱ्या वाटीत जाते. या तीनच्या बाहेरची बाजूला. फार हलकी निघालेली भिंगाखाली धरा: स्कर्टची कड तुटलेली किंवा साचा पुरता न भरलेला दिसतो. फार जड असेल तर आत शिशाचा किस किंवा तेल अडकलंय का ते बघा. पेलेटला नऊ सेकंद धरली तर पाचशेला सव्वा तास लागतो. सगळी डबी तोलू नये, ते यासाठीच.

सराफाचा मोठा काटा घ्यावा का? काचेच्या पेटीचा, दोन-अडीचशे ग्रॅमचा, तोही एक मिलिग्रॅम दाखवणारा. तो स्थिर असतो, पायांना समतल करायचे स्क्रू आणि पाण्याचा बुडबुडा असतो, विजेवर तासन्‌तास चालतो, आणि साक्षीदार पेलेट दिवसभर एकच आकडा दाखवते. किंमत खिशातल्या काट्याच्या कितीतरी पट. दागिन्यांच्या व्यवहारासाठी त्याला वैध मापन खात्याचा शिक्का दरवर्षी लागतो. घरी पेलेट तोलायला नाही. एकट्याने घेणं मला उधळपट्टी वाटते, पण सात-आठ नेमबाजांनी मिळून घेऊन क्लबात ठेवला तर तो खिशातल्या आठ काट्यांपेक्षा चांगला. ओळखीच्या सराफाकडे शिशाची पेलेट घेऊन त्याच्या सोन्याच्या काट्यावर ठेवायला मागू नका. तो नाही म्हणेल आणि त्याचंच बरोबर असेल.

कारण शिसं. एकदा पेलेटला वापरलेला काटा, वाटी आणि चिमटा पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाहीत, औषधाची पूड तोलायलाही नाही. काम वर्तमानपत्रावर करा आणि झाल्यावर तो कागद बाहेरून आत घडी घालून टाका, झटकू नका. हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. टेबलावर पोह्यांची बशी आणि शेवेचा पुडा नको, कितीही सकाळची वेळ असली तरी. लहान मुलं असलेल्या घरात हे काम बाल्कनीत करावं असं वाटेल, पण तिथे वारा. म्हणून बंद खोलीत, मुलं शाळेत गेल्यावर.

काटा घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत ही तपासणी उरका: अर्धा तास चालू ठेवा, १० ग्रॅमचं वजन तबकडीवर, त्यावर एकच पेलेट दहा वेळा ठेवा-उचला. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा यांत ३ मिलिग्रॅमपर्यंत फरक असेल तर ठेवून घ्या. पाच किंवा जास्त आला तर लगेच परत पाठवा, नवीन मागवा. मग तीच पेलेट तबकडीच्या मध्यावर आणि चारही कडांवर ठेवून पाहा. कडेला आकडा बदलला तर काटा वाईट नाही, फक्त मधोमध ठेवायची सवय लावा आणि तबकडीवर पेनाने एक ठिपका काढून घ्या.